कन्सोल सर्व्हरवरील सीरियल पोर्टची जुळणी : एक संकेतविचार

१. विषयप्रवेश

भाषाविज्ञान विभागाच्या संशोधनपत्रिकेत सीरियल पोर्टच्या जुळणीसारखा यांत्रिक विषय पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु दोन यंत्रांमधील व्यवहार हा अखेर चिन्हांचाच व्यवहार होय; आणि चिन्हाचा अर्थ चिन्हात नसून उभय पक्षांनी मान्य केलेल्या संकेतात असतो, हा विचार आपल्या शास्त्रात सुपरिचित आहे. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांवरून त्यांच्या शिष्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून तो भाषाविज्ञानाच्या पायाशी आहे. सीरियल पोर्ट हे या विचाराचे अत्यंत निखळ उदाहरण आहे. तेथे संकेत जुळला तर संभाषण होते. न जुळला तर तार, वीज व यंत्र ही तिन्ही निर्दोष असूनही एक अक्षर कळत नाही.

हा विषय आपल्या परिसरात केवळ तात्त्विक नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ भरली व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. तापीच्या खोऱ्यातील शहादा-तळोद्याचा प्रदेश सपाट व रहदारीचा आहे. उलट अक्राणी तालुका व अक्कलकुव्याचा बराच भाग सातपुड्यात वसलेला असून त्याची उत्तर सीमा नर्मदेला भिडते. तळोद्याहून अक्राणीचे मुख्यालय जे धडगाव, तेथे जाणारी वाट चांदसैलीच्या घाटातून जाते, आणि पावसाळ्यात दरडी कोसळून हा घाट बंद पडण्याचे प्रसंग येतात.

याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली या गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील आधार क्रमांकांच्या वाटपास प्रारंभ झाला. त्यानंतर धान्यवाटप, अनुदान, बँकव्यवहार, दाखले अशा अनेक गोष्टी संगणकजालावर अवलंबून राहू लागल्या. रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा टेकविल्यावर त्याची पडताळणी दूरच्या संगणकात व्हावी लागते. मधला दुवा तुटला की पडताळणी अडते आणि दिवसाची मजुरी बुडवून डोंगरातून उतरलेला मनुष्य रांगेत उभा राहतो. अशा वेळी दोष दुरुस्त होण्यास दहा मिनिटे लागतात की दोन दिवस, हा प्रश्न त्या मनुष्याच्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

प्रस्तुत लेखात एवढेच दाखवावयाचे आहे की, हे अंतर पुष्कळदा यंत्राच्या किमतीवर अवलंबून नसून, कोणी तरी पूर्वीच नीट ठरवून व लिहून ठेवलेल्या चार-पाच संकेतांवर अवलंबून असते.

२. जाल तुटल्यावर जालाची दुरुस्ती कशी करावी?

राउटर, स्विच किंवा सर्व्हर यांची देखभाल सामान्यतः जालामधूनच केली जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला तंत्रज्ञ दूरच्या यंत्राचा जालपत्ता देऊन त्यात प्रवेश करतो. परंतु त्या राउटरची जुळणीच बिघडली, एखादी आज्ञा चुकीची दिली गेली, अथवा यंत्र अर्धवट सुरू होऊन थांबले, तर जालाची वाट मुळातच बंद होते. ज्या रस्त्याने दुरुस्तीस जावयाचे तोच रस्ता खचला, असा हा प्रसंग आहे.

यासाठी बहुतेक यंत्रांना एक आडवाट ठेवलेली असते. तिला कन्सोल पोर्ट म्हणतात. हा पोर्ट सीरियल जातीचा असतो. यंत्र सुरू होताना अगदी आरंभीपासून काय काय घडत आहे हे तो सांगत राहतो, आणि यंत्रास जालपत्ता नसला तरी आज्ञा स्वीकारतो. पूर्वी या पोर्टाला टेलिप्रिंटर अथवा टर्मिनल जोडीत असत. आज तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन यंत्राजवळ बसतो. अडचण अशी की, त्यास यंत्राजवळ जावे लागते. ज्या मानकावर हे पोर्ट बेतलेले आहेत त्यात केबलची लांबी पन्नास फूट, म्हणजे सुमारे पंधरा मीटर धरलेली आहे.

कन्सोल सर्व्हर हे या अडचणीवरील उत्तर होय. एका बाजूस आठ, सोळा, बत्तीस किंवा अठ्ठेचाळीस सीरियल पोर्ट आणि दुसऱ्या बाजूस जालाची जोडणी असलेली ही पेटी इतर यंत्रांच्याच खोलीत ठेवावयाची. प्रत्येक यंत्राचा कन्सोल तिच्या एकेका पोर्टास जोडावयाचा. मग दूरच्या तंत्रज्ञाने या पेटीत प्रवेश केला की, तो जणू त्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसल्याप्रमाणे प्रत्येक यंत्राशी बोलू शकतो. विशेष पेटी नसली तरी एखादा लहान लिनक्स संगणक व यूएसबीवरून सीरियल करणारे अडॅप्टर यांच्या साहाय्याने हेच कार्य साधता येते.

‘सीरियल पोर्ट’ यास ‘क्रमिक द्वार’, ‘पॅरिटी’ यास ‘समता’ असे प्रतिशब्द देता येतील. परंतु यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसांच्या तोंडी जे शब्द रुळले आहेत तेच येथे योजिले आहेत. कारण दूरध्वनीवरून सूचना देताना ऐकणाऱ्यास विचार न करता कळेल तोच शब्द उपयोगी. ‘जुळणी’ हा एक शब्द मात्र तंत्रज्ञ ज्यास ‘सेटिंग’ म्हणतात त्या अर्थी वापरला आहे.

३. सीरियल वाहिनीवरील अक्षर

सीरियल वाहिनीवरून माहितीचे घटक, म्हणजे बिट, एकाच तारेवरून एकामागून एक जातात. ही कल्पना तारयंत्राची आहे. फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये पाच घटकांच्या संकेतावर चालणाऱ्या तारयंत्राचे पेटंट घेतले. वाहिनीच्या वेगाचे ‘बॉड’ हे परिमाण त्यांच्याच नावावरून पडले. भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु तारयंत्राची ही संकेतपद्धती राउटरच्या कन्सोल पोर्टात आजही जिवंत आहे. या पोर्टाचे आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये प्रथम निश्चित झाले व त्याची सी ही आवृत्ती १९६९ मध्ये आली. त्यानुसार ग्राहक यंत्र तारेवरील उणे ३ ते उणे १५ व्होल्टचा दाब १ असा वाचते आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्टचा दाब ० असा वाचते.

वाहिनी रिकामी असताना तारेवर सतत १ असतो. अक्षर पाठवावयाचे झाले की प्रथम एक ० येतो. हा आरंभबिट. त्यानंतर अक्षराचे सात किंवा आठ बिट, सर्वांत कमी मूल्याचा बिट प्रथम, अशा क्रमाने येतात. मग असल्यास पॅरिटीचा बिट, आणि शेवटी एक किंवा दोन अंत्यबिट. पुढचे अक्षर लगेच येईल अथवा तासाभराने येईल. मधल्या शांततेस अर्थ नाही.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. तारेवर केवळ दाबाचे चढउतार असतात. एक बिट किती काळ टिकतो, अक्षरात बिट किती, त्यांतील शेवटचा बिट अर्थाचा की तपासणीचा, यांपैकी काहीही त्या चढउतारांत लिहिलेले नसते. अपरिचित भाषेचे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या संशोधकास ध्वनी तर स्पष्ट ऐकू येतात, परंतु एक शब्द कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे त्या भाषेच्या ज्ञानाशिवाय सांगता येत नाही. तशीच ग्राहक यंत्राची स्थिती असते. त्यास खूण मिळते ती केवळ आरंभबिटाची. त्यापुढचे सर्व विभाजन ते आपल्या घड्याळावरून आणि पूर्वसंकेतावरून करते.

मनुष्यांची गोष्ट निराळी. आपल्या जिल्ह्यातील आठवड्याच्या बाजारात पावरी बोलणारी विक्रेती आणि अहिराणी बोलणारे गिऱ्हाईक समोरासमोर आले, तर दोन-तीन वाक्यांत एकमेकांचा अंदाज घेऊन ती दोघे कोणत्या तरी समाईक बोलीवर येतात. मराठी, गुजरी, हिंदी यांतील जे हाताशी असेल ते चालते. जालाच्या इथरनेट पोर्टांतही अशी आपसांत वेग ठरविण्याची सोय असते. सीरियल पोर्टापाशी ती नाही. तो आपल्याच संकेताने बोलत राहतो, समोरच्यास कळो वा न कळो. म्हणून येथे संकेत माणसानेच आधी ठरवावा लागतो.

४. जुळणीची अंगे आणि बिघाडाची लक्षणे

(अ) वेग. कन्सोल पोर्टांवर ९६०० आणि १,१५,२०० बॉड हे दोन वेग विशेष आढळतात. अनेक राउटर व स्विच मुळात ९६०० वर असतात, तर पुष्कळसे सर्व्हर व लहान लिनक्स संगणक १,१५,२०० वर. ९६०० वेगात एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. एका अक्षरास आरंभ व अंत धरून दहा बिट लागले, तर सेकंदास ९६० अक्षरे जातात, म्हणजे ८० स्तंभ व २४ ओळींचा पूर्ण पडदा भरण्यास दोन सेकंद. आता प्रेषक १,१५,२०० वर आणि ग्राहक ९६०० वर असेल, तर ग्राहकाचा एक बिट पुरा होण्यापूर्वीच प्रेषकाचे एक संपूर्ण अक्षर निघून गेलेले असते. पडद्यावर अर्थहीन चिन्हे दिसतात. सर्वच अक्षरे विद्रूप होणे, हे वेग चुकल्याचे प्रमुख लक्षण होय.

काही यंत्रांत आरंभीचा लहान प्रोग्राम एका वेगाने बोलतो आणि मुख्य प्रणाली दुसऱ्या. मग यंत्र सुरू होतानाचा पहिला मजकूर नीट दिसून पुढचा विद्रूप होतो, किंवा उलट घडते. केवळ प्रवेशाचा प्रश्न पडद्यावर नीट दिसला म्हणून जुळणी झाली असे मानू नये; यंत्र एकदा बंद करून सुरू करावे आणि पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत मजकूर वाचता येतो की नाही ते पाहावे.

(आ) अक्षराची रुंदी व पॅरिटी. आज बहुतेक ठिकाणी आठ बिट, पॅरिटी नाही, एक अंत्यबिट अशी जुळणी असते. जुन्या उपकरणांत सात बिट व सम पॅरिटी अशीही जुळणी आढळते. सम पॅरिटी म्हणजे अक्षरातील १ या अंकांची एकूण संख्या सम व्हावी असा एक जादा बिट जोडणे. भाषेतही अशी पुनरुक्ती असते. ‘त्या मुली आल्या’ या वाक्यात अनेकवचन तीनदा सांगितलेले आहे आणि एखादा प्रत्यय नीट ऐकू आला नाही तरी अर्थ राहतो. पॅरिटीची शक्ती मात्र यापेक्षा फार कमी आहे. एक बिट बदलला तर दोष झाला एवढे ती सांगते. कोणता बदलला ते सांगत नाही, आणि दोन बिट बदलले तर तिला काहीच कळत नाही.

पॅरिटी चुकल्याचे लक्षण वेग चुकल्याहून निराळे आहे. सात बिट व सम पॅरिटी आणि आठ बिट व पॅरिटी नाही, या दोन्ही जुळण्यांत अक्षराची एकूण लांबी दहा बिटच भरते. त्यामुळे विभाजन बरोबर होते. परंतु पॅरिटीचा बिट अक्षराचा आठवा बिट म्हणून वाचला जातो. इंग्रजी ‘ए’ या मोठ्या अक्षराच्या संकेतात १ दोनदा येतो, म्हणून पॅरिटी ० व अक्षर नीट दिसते. ‘सी’मध्ये तो तीनदा येतो, म्हणून पॅरिटी १ होऊन अक्षर भलतेच दिसते. निम्मीशिम्मी अक्षरे बरोबर व उरलेली परकी दिसली, तर वेग बदलीत न बसता पॅरिटी पाहावी.

(इ) अंत्यबिट. ११० बॉडच्या जुन्या टेलिप्रिंटरांस सावरण्यास वेळ लागे, म्हणून तेथे दोन अंत्यबिट देत. आता एक पुरतो.

(ई) प्रवाहनियंत्रण. ग्राहक मागे पडला तर त्याने ‘थांब’ कसे म्हणावे, याचाही संकेत ठरवावा लागतो. एका पद्धतीत त्यासाठी निराळ्या तारा असतात. दुसरीत अक्षरप्रवाहातच विशेष चिन्हे पाठवितात. कन्सोल सर्व्हरवर तारांचे नियंत्रण चालू ठेवले आणि केबलमध्ये त्या ताराच नसल्या, तर समोरचा मजकूर दिसतो परंतु आपण टंकलेले काहीच पोचत नाही. तंत्रज्ञ कळफलकास दोष देत बसतो. दुसऱ्या पद्धतीत कंट्रोल व एस या कळा चुकून एकत्र दाबल्या गेल्या, तर पडदा गोठतो. कंट्रोल व क्यू दाबल्याने तो मोकळा होतो. यंत्र बंद पडले असे समजून ते पुन्हा सुरू करण्याआधी ही कळ दाबून पाहावी.

(उ) केबल. एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारेस जोडलेली असावी आणि भूमीची तार समाईक असावी, हे तत्त्व. परंतु इथरनेटसारख्याच दिसणाऱ्या टोकांत उत्पादकागणिक तारांचा क्रम बदलतो. दोन्ही पक्ष एकाच तारेवर बोलू लागले, तर पडदा पूर्ण कोरा राहतो. कोरा पडदा दिसला की प्रथम केबल पाहावी.

अशा रीतीने कोरा पडदा, पूर्ण विद्रूप मजकूर, अर्धा विद्रूप मजकूर आणि एकतर्फी संभाषण ही चार लक्षणे चार निरनिराळ्या कारणांकडे बोट दाखवितात. दूरध्वनीवरून मदत करणाऱ्याने ‘काय दिसते?’ एवढे नीट विचारले तरी बराचसा निर्णय होतो.

५. जालाकडील बाजू

सीरियल बाजू जुळली की प्रत्येक पोर्टास जालावर ओळख द्यावयाची असते. सिस्कोच्या जुन्या पद्धतीत २००० या संख्येत वाहिनीचा क्रमांक मिळवून जो अंक येतो त्यावर टेलनेटने जोडणी करीत. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो. म्हणून आता एसएसएच वापरावे. ही पद्धती १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तांत्रिक विद्यापीठात निर्माण झाली व तीत सर्व मजकूर कूट स्वरूपात जातो. राउटरचा कन्सोल म्हणजे त्या यंत्राची किल्लीच होय. ती किल्ली जालावर टांगून ठेवताना एवढी काळजी किमान होय. प्रत्येक व्यक्तीस निराळे खाते द्यावे, आणि कोणास कोणत्या पोर्टावर जाता येईल तेही नेमून द्यावे.

एका वेळी एकानेच लिहावे व इतरांनी केवळ पाहावे, अशी सोय असल्यास ती चालू करावी. प्रत्येक पोर्टावर येणारा मजकूर सतत नोंदविला जाईल असेही करावे. कारण यंत्र रात्री बंद पडताना त्याने जे शेवटचे सांगितले ते सकाळी वाचावयास मिळते, आणि बहुधा दोषाचे कारण तेथेच असते.

तीन धोके विशेषतः सांगितले पाहिजेत. पहिला, अर्धवट निरोपाचा. तंत्रज्ञ कन्सोल सर्व्हरमधून बाहेर पडतो परंतु राउटरमधून बाहेर पडण्यास विसरतो. मग त्या पोर्टावर पुढे येणाऱ्यास पासवर्डाशिवाय राउटर उघडा मिळतो. यास्तव राउटरवरही काही मिनिटांच्या शांततेनंतर आपोआप निरोप घेण्याची जुळणी करावी. दुसरा धोका ब्रेक या संकेताचा. तार एका अक्षराच्या अवधीपेक्षा अधिक काळ ० वर धरून ठेवणे म्हणजे ब्रेक. काही राउटर सुरू होताना पहिल्या मिनिटात ब्रेक मिळाल्यास दुरुस्तीच्या अवस्थेत जातात. सन कंपनीचे जुने सर्व्हर तर चालू असतानाही ब्रेक मिळताच थांबत. हा संकेत हेतुतः पाठविता आला पाहिजे, पण कन्सोल सर्व्हरची वीज जाऊन आली असता आपोआप जाता कामा नये.

तिसरा धोका भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास मनोरंजक वाटेल. लिनक्स संगणकाच्या ज्या सीरियल पोर्टास राउटर जोडला आहे त्याच पोर्टावर संगणकाचा स्वतःचा प्रवेशप्रश्न विचारणारा प्रोग्राम चालू राहिला, तर दोन्ही पक्ष परस्परांस ‘आपण कोण?’ असे विचारू लागतात. प्रत्येकाचा प्रश्न दुसऱ्यास चुकीचे उत्तर वाटते, आणि तो पुन्हा प्रश्न करतो. रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये भाषेची सहा कार्ये मांडताना संपर्क जागता ठेवण्याचे एक कार्य निराळे गणले. येथे तेवढे एकच कार्य उरते व ते अखंड चालते. वाहिनी पूर्ण व्यग्र, परंतु निवेदन शून्य. म्हणून कन्सोल सर्व्हर म्हणून वापरावयाच्या पोर्टावरील तो प्रोग्राम बंद करणे, हे जुळणीचे पहिले काम समजावे.

आता वाटेचा विचार. समजा, धडगावच्या खोलीत कन्सोल सर्व्हर बसविला. परंतु तो ज्या राउटरच्या दुरुस्तीसाठी ठेवला त्याच राउटरमधून जालास जोडला, तर व्यवस्था व्यर्थ होय. त्यास स्वतंत्र वाट हवी. बहुधा मोबाईलचे मोडेम जोडतात. तेथे दोन गोष्टी पाहाव्या. मोबाईलच्या जालात साध्या सिमकार्डास सामान्यतः स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. त्यामुळे बाहेरून त्या पेटीस हाक मारता येत नाही, आणि पेटीनेच जिल्ह्याच्या ठिकाणाकडे एक सुरक्षित बोगदा सतत उघडा ठेवावा अशी जुळणी करावी लागते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डोंगरातील मोबाईलचा मनोराही पुष्कळदा त्याच प्रकाशतंतूवर अवलंबून असतो. तंतू तुटला की मुख्य वाट व आडवाट एकदमच बंद होतात. मनोऱ्याची जोडणी कशावरून येते हे आधी विचारून घ्यावे. ती त्याच तंतूवर असल्यास उपग्रहाची वाट विचारात घ्यावी. आणि कन्सोल सर्व्हरास बॅटरीचा आधार द्यावा, नाहीतर वीज गेल्यावर ज्याने बोलावे तोच प्रथम मुका होतो.

६. नावे, लिपी आणि नोंदवही

पोर्टास नुसता क्रमांक देणे पुरेसे नाही. केबल हलविली की क्रमांकाचा अर्थ बदलतो. यूएसबी अडॅप्टरांच्या बाबतीत तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर क्रमच पालटू शकतो. म्हणून अडॅप्टरच्या अनुक्रमांकावरून स्थिर नाव बांधावे. अन्यथा शहाद्याच्या स्विचसाठी लिहिलेली आज्ञा नवापूरच्या राउटरवर जाईल.

नाव कोणते द्यावे, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात वाटतो तितका सरळ नाही. तालुका अक्राणी, पण त्याचे मुख्यालय धडगाव. दोन्ही नावे एकाच कार्यालयास लावली जातात. तळोदा आणि तळोदे, अक्कलकुवा आणि अक्कलकुवे अशी रूपे लेखनात सापडतात. रोमन लिपीत तर ‘व’साठी दोन निरनिराळी अक्षरे योजिली जातात, आणि ‘ळ’ व ‘ल’ यांचा भेद राहत नाही. यंत्रास या रूपांचे पर्यायत्व कळत नाही. एक अक्षर बदलले की नाव निराळे. यास्तव एकच रूप ठरवून ते नोंदवहीत, केबलच्या चिठ्ठीवर व कन्सोल सर्व्हरवर अक्षरशः सारखे ठेवावे.

ही नावे देवनागरीत ठेवता येतील काय? १९६३ च्या अमेरिकी मानक संकेतात अक्षरास सात बिट होते व त्यात केवळ रोमन लिपी बसत होती. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकाने देवनागरी आठव्या बिटाच्या आधारे बसविली. आज युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांत लिहितात. ‘नंदुरबार’ या शब्दात न, अनुस्वार, द, उकार, र, ब, काना, र असे आठ घटक येतात. म्हणून त्यास चोवीस बाइट लागतात. या सर्व बाइटांत आठवा बिट १ असतो. वाहिनी सात बिटांची ठेवली तर तो गळून पडतो. ‘न’चे २२४, १६४ व १६८ हे तीन बाइट अनुक्रमे ९६, ३६ व ४० होतात, आणि पडद्यावर ‘न’च्या जागी एक तिरकी खूण, डॉलरचे चिन्ह व डावा कंस दिसतो. अक्षर नष्ट झाले अशी सूचनाही मिळत नाही. ते निमूटपणे दुसऱ्या लिपीचे होऊन बसते.

वाहिनी आठ बिटांची असली तरी समोरच्या यंत्राचा प्रोग्राम देवनागरी मानीलच असे नाही. बहुतेक राउटरांच्या कन्सोलची घडण रोमन लिपीवरच झालेली आहे. म्हणून व्यवहारतः पोर्टांची नावे लहान रोमन अक्षरांत ठेवावी. परंतु प्रवेश करताच दिसणारी सूचना, हे यंत्र कोणते, ते बंद पडल्यास कोणती कार्यालये अडतात, प्रथम काय पाहावे, ही माहिती कन्सोल सर्व्हर यूटीएफ-८ मानीत असल्यास तेथेच, नाहीतर नोंदवहीत, मराठीत लिहावी. रात्री अडचणीत सापडणारा मनुष्य पुष्कळदा तालुक्याच्या ठिकाणचाच असतो, आणि त्यास परक्या भाषेतील संक्षेप वाचावयास लावणे हे दुरुस्तीस मदत करीत नाही.

नोंदवहीत प्रत्येक पोर्टासाठी पुढील बाबी असाव्या : पोर्टाचे नाव, समोरच्या यंत्राचे नाव व जागा, वेग, अक्षराची रुंदी, पॅरिटी व अंत्यबिट, प्रवाहनियंत्रण, केबलचा प्रकार, ब्रेक पाठविण्याची कळ, शेवटच्या चाचणीची तारीख. पासवर्ड या वहीत लिहू नयेत. वहीची एक प्रत यंत्राच्या खोलीत आणि एक जिल्ह्याच्या ठिकाणी कागदावर असावी. कारण जी माहिती जाल तुटल्यावर लागणार, ती केवळ जालावर ठेवून भागत नाही.

७. चाचणी आणि उपसंहार

जुळणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम यंत्राजवळ बसून लॅपटॉपने त्याचा संकेत निश्चित करावा. मग तोच कन्सोल सर्व्हरवर द्यावा व यंत्र पुन्हा सुरू करून सर्व मजकूर पाहावा. नंतर जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहकाऱ्यास प्रवेश करावयास सांगावे. त्यानंतर मुख्य जोडणीची केबल हेतुतः काढून केवळ आडवाटेने प्रवेश होतो का ते पाहावे. शेवटी कन्सोल सर्व्हरची वीज घालवून पुन्हा आणावी, आणि नावे व जुळण्या जशाच्या तशा राहिल्या याची खात्री करावी. ही सर्व चाचणी घाट उतरण्यापूर्वी, तेथे असतानाच करावयाची आहे. दर पावसाळ्यापूर्वी ती पुन्हा करावी.

तात्पर्य, सीरियल पोर्ट स्वतःचा संकेत स्वतः सांगत नाही. तो दोन्ही टोकांस आधीच ठाऊक असावा लागतो, आणि माणसे बदलत असल्यामुळे तो लिहून ठेवावा लागतो. भाषेच्या बाबतीत हे कार्य समाज पिढ्यान्‌पिढ्या नकळत करीत आला आहे. यंत्रांच्या बाबतीत ते कोणी तरी जाणीवपूर्वक केले पाहिजे. धडगावच्या खोलीतील एका पेटीवर ‘९६००, आठ, नाही, एक’ अशी चिठ्ठी डकविण्यास अर्धा मिनिट लागतो. ती चिठ्ठी असली, तर नंदुरबारमध्ये बसलेला तंत्रज्ञ दरड कोसळलेल्या रात्रीही राउटर सुरू करू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेशनच्या रांगेतील मनुष्यास परत जावे लागत नाही.